कॅम्पातलं घर तू विकलंस, मंदा

मंदा,

घर बघायला आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला तू गळणारा कोपरा दाखवलास. मी हॉलमधल्या खुर्च्या पुसून, पंखा लावून, पाण्याचे ग्लास भरून बसलो होतो. तू त्या नवरा-बायकोला सरळ मागच्या खोलीत नेलंस आणि छताकडे बोट करून म्हणालीस, "जोराचा पाऊस आला का इथी बादली ठेवा लागते. दोनदा प्लास्टर केलं, फरक नाई पडला. चला, आता बाकीचं पाहा." ती माणसं बाकीचं पाहायला थांबलीच नाहीत. आपला दलाल, मनोज, अंगणात डोक्याला हात लावून बसला.

"काकू, असं कोणी घर इकते काय?"

"मंग कसं इकते? त्याइले पावसायात समजलंच असतं. तवा शिव्या कोणाले पडल्या असत्या, तुले का मले?"

तुला जाऊन आता महिना होत आला. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. परवा कोणीतरी म्हणालं, "फार शांत, सोशिक बाई होत्या." मी आपल्या लेकीकडे, प्राचीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिला हसू आवरेना म्हणून ती पदर तोंडाला लावून आत गेली, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं पोरीला रडू आलं. शांत आणि तू! एका खोलीत बसून अख्ख्या कॉलनीशी एकटी भांडलेली बाई शांत होती, हे मी कसं ऐकून घेऊ? म्हणून हे लिहायला घेतलं.

घर विकायचं तूच काढलंस. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं, या वयात ऑपरेशनची खात्री देता येत नाही असंही सांगितलं. तू रिपोर्ट पर्समध्ये घातलास, रिक्षात बसलीस. राजकमल चौकात म्हणालीस, "घर इकू. अकोल्याले प्राचीजवळ जाऊ." मला वाटलं घाबरून बोलते आहेस, दोन दिवसांनी विसरशील. मी तुला इतकी वर्षं ओळखत होतो तरी मला असं वाटलं.

मला ते घर सोडायचं नव्हतं. धामणगावच्या शाळेत गणित शिकवून मी रोज बडनेऱ्याला गाडीतून उतरायचो, तिथून सायकल, नंतर स्कूटर, आणि कॅम्पातल्या त्या कडुनिंबांच्या रस्त्याला लागलं की अंगातली अर्धी उष्णता तिथेच उतरायची. एकमजली घर, हातभर जाड भिंती, मागे अंगण, अंगणात सीताफळ. मे महिन्यात अख्खी अमरावती भाजत असायची आणि आपल्या मधल्या खोलीत तुझ्या शिवणक्लासच्या मुली दुपारभर मशीन चालवत बसायच्या. त्या क्लासच्या जोरावरच तर ते घर झालं. म्हणून मीच आग्रहाने ते तुझ्या नावावर केलं होतं. तेव्हा कॅम्प म्हणजे शहराचं टोक होतं. आता तिथे जागा मिळवायला लोक ओळखी काढतात, आणि जुनं घर पडलं की तिथे सहा मजले उभे राहतात.

"अकोल्यात काय आहे?" मी म्हणायचो. "ऊन इथल्यापेक्षा जास्त, आणि नळ आठवड्यातून एकदा."

"प्राची हाय," तू म्हणायचीस.

"मग ती येईल इकडे."

"तिची नोकरी कोण करीन, तुमी?"

हा वाद आपण जेवताना घातला, भाजी निवडताना घातला, नातेवाइकांच्या लग्नात मांडवात बसून घातला. एकदा मी चिडून म्हणालो, "घाई काय आहे? पुढचं पुढे बघू ना." तू हातातली गवार खाली ठेवलीस. "पुढचं म्हणजे मी गेल्यावरचं ना? मी गेल्यावर तुमी त्या घरात खोल्या मोजत फिरसान. आणि कोणी येऊन दोनदा गोड बोललं का त्याले घर देऊन टाकसान. तुमाले नाई म्हणता येत नाई. म्हणून मी हाय तवरच इकतो."

मला त्याचा राग आला होता. आज येत नाही. प्राचीची गच्ची समोर दिसते अशा या छोट्या फ्लॅटमध्ये बसून मी रोज सकाळी तिला चहाला हाक मारतो, आणि ती गॅस बंद करून येते. तू स्वतःच्या आजारपणासाठी ते घर सोडलं नव्हतंस, मंदा. मला एकट्याला तिथे ठेवायचं नव्हतं म्हणून सोडलंस. हे तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आता दोघांच्या वतीने मीच बोलतो.

गिऱ्हाइकं खूप आली. घर बघायला मात्र कोणीच आलं नाही. सगळे फाटकातून आत येऊन आधी कुंपणाची लांबी बघायचे. एकाने तर तुझ्यासमोर मोबाइलमध्ये हिशेब करून म्हटलं, "स्ट्रक्चरची किंमत शून्य धरू." तू त्याला विचारलंस, "चहा घेता का? का त्याचीबी शून्य धरू?" मनोज नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, तुमी काकूले दोन तास मंदिरात घेऊन जा, मी घर इकून दाखवतो."

मग एका रविवारी सलीम आणि रेहाना आले. सलीमचं धामणगावला जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचं वर्कशॉप, रेहाना अमरावतीतच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, माहेर अंजनगाव सुर्जीचं. बरोबर सलीमची आई होती. हे लोक एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर किरायाने राहत होते आणि म्हातारीचे गुडघे गेले होते. लग्नाकार्याला खाली उतरवायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, एवढाच तिचा बाहेरचा संबंध उरला होता.

तू नेहमीप्रमाणे त्यांना आधी मागच्या खोलीत नेलंस. सलीमने वर पाहिलं आणि हसला.

"एकच कोपरा, काकू? आमचं तर चारी बाजूनं गळते."

तोवर अम्मी, सगळे तिला अम्मीच म्हणत होते, भिंतीला हात धरत धरत मधल्या खोलीतून अंगणात पोचली होती. मधल्या भिंतीवर तिने तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. "अरे, कितनी ठंडी है ये दीवार." मग सीताफळाखालच्या ओट्यावर बसली ती उठेचना. रेहानाने दोनदा हाक मारली. अम्मी म्हणाली, "तुम लोग देखो. मैं यहीं हूँ." तू तिच्या शेजारी जाऊन बसलीस. तू वऱ्हाडीत बोलत होतीस, ती हिंदीत, आणि दोघी एकमेकींच्या गुडघ्यांवर हात ठेवून औषधं सांगत होतात.

चहा झाला. रेहाना कप हातात फिरवत होती. शेवटी म्हणाली, "काकू, एक विचारू का? मनोजभाऊंनी आमची नावं तुम्हाला सांगितली आहेत ना? म्हणजे नंतर तुम्हाला अडचण नको."

सलीम खाली बघून म्हणाला, "आमी लय घरं पायली, काकू. नाव सांगतलं का त्याच दिवशी घर इकून जाते."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण तू आधीच सुरू झाली होतीस. "रेहाना ना? आयकलं मी. माझ्या क्लासात दोन रेहाना होत्या. एकीले शेवटपर्यंत काजं करता नाई आली. तुले येतात का?"

रेहाना म्हणाली, "नाही."

"मंग शिकून घे. घर दाखवून झालं. पसंत हाय का सांगा."

सगळेच एकदम हसलो, त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. अम्मी अंगणातून ओरडली, "क्या हुआ?"

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी मनोज आला, पण आत येईना, फाटकाशीच घुटमळला. "काकू, गावंडे साहेब म्हणून राहिले का एकदा विचार करा. लोकं नाराज हायेत. संध्याकायी भेटाले येऊन राहिले."

"मले घर इकाचं हाय, मनोज. सोयरीक नाई कराची."

हे तू एवढ्या मोठ्याने म्हणालीस की शेजारी, म्हणजे खुद्द गावंडे साहेबांच्या घरात, ते नक्की ऐकू गेलं असणार.

मला मात्र शंका होती, आणि ती मी तुला सांगितली. आपण घर विकून अकोल्याला निघून जाऊ, पण त्या लोकांना तिथे राहायचं आहे. उद्या कोणी बोललं नाही, कोणी त्रास दिला, तर आपण कुठे असणार? तुला माझं म्हणणं खोडून काढता आलं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं, कारण तू चिडली नाहीस. "हे तुमी बरोबर बोलून राहिले," म्हणालीस. "पण त्याचा जवाब मी कावून देऊ? त्याइले विचारू." आणि तिथल्या तिथे रेहानाला फोन लावून सगळं जसंच्या तसं सांगितलंस. कोण काय बोललं, कोण येणार आहे, सगळं. पलीकडे तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, बोलणारे सगळीकडेच आहेत. तिथे निदान अम्मीला जिना नाही."

तू फोन ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. तुझे डोळे भरलेले होते, आणि चेहरा असा होता की मी ओळखलं, आता हे घर दुसऱ्या कोणालाही मिळत नाही.

मग ते सगळे संध्याकाळी आपल्याकडे आले. गावंडे साहेब कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, माणूस वाईट नाही. प्राचीच्या लग्नात त्यांनी स्वतः उभं राहून पंगती वाढल्या होत्या. त्यांच्याबरोबर आणखी तिघे-चौघे, आणि सगळ्यांच्या मागे गावंडेवहिनी, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

"वहिनी, आमचं वैयक्तिक काई नाई," साहेब म्हणाले. "पण कॉलनीचं एक वातावरण असते."

"असते ना. कोणतं?"

"आता तुमाले काय सांगाचं. तुमी समजदार हात."

"नाई समजली. समजून सांगा."

ते सांगेनात. कसं सांगणार? जे मनात होतं ते तोंडाने बोलून दाखवण्याइतका तो माणूस निर्लज्ज नव्हता. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि दुसरी बाजू धरली. "मी तुमच्यासाठी एक बिल्डर पायला हाय. भाव त्या लोकाइपेक्षा जास्त देईन. तुमचंबी भलं, आमचंबी."

"पाडीन ना तो घर?"

"आता जुनं घर हाय, पाडीनच."

"मंग किती मजले उठवीन?"

तू उठून उभी राहिलीस. डॉक्टरांनी आवाज चढवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि खरंच तू आवाज चढवला नाहीस. "साहेब, तुमचं अंगण माह्या भिंतीले लागून हाय. सहा मजले उठले का तुमच्या अंगणात ऊन पडणार नाई, आणि वरून साठ डोये पडतीन. खाली गाड्या, वर टाक्या, बोअरचं पाणी अख्ख्या बिल्डिंगीले. तवा कोणतं वातावरण राहीन? अठी एक म्हतारी येऊन सीताफयाखाली बसाचं म्हणून राहिली, तर तुमाले तिचा तरास. आन तुमाले एवढीच काळजी अशीन तर तुमीच घ्या घर. आज बयाना द्या, मी उद्या त्या पोरीले नाई म्हणतो."

साहेब माझ्याकडे वळले. "सर, तुमी तरी सांगा."

मी चहाचे कप गोळा करत होतो. म्हणालो, "साहेब, घर तिच्या नावावर हाय. माह्या नावावर फक्त लाइटचं बिल येते."

हसू पहिल्यांदा दारातून आलं. गावंडेवहिनी पदराने तोंड झाकून हसत होत्या. मग पदर काढला आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी सहा मजल्याच्या पायथ्याशी वायवण घालणार नाई. तुमी घाला तुमच्या कुरड्या." एवढं बोलून त्या आत येऊन तुझ्या शेजारी बसल्या. सभा तिथेच संपली. जाताना त्यांच्यापैकी एकाने मागे वळून विचारलं, "वहिनी, शिवणाच्या मशिनी इकणार हायेत का?"

ते गेल्यावर तू पलंगावर आडवी झालीस. श्वास लागला होता. मी पाणी दिलं, पाय चेपले. तू डोळे मिटून म्हणालीस, "लाइटचं बिल!" आणि पोट धरून हसायला लागलीस. एवढ्या वर्षांच्या संसारात तू माझ्या विनोदाला एवढी कधी हसली नव्हतीस. मला विचारशील तर माझं बक्षीस तेव्हाच मिळालं.

रजिस्ट्रीच्या दिवशी तुला कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, हसू नका, सरळ बघा." तू म्हणालीस, "कावून? मी काय चोरी करून राहिली?" बाहेर आल्यावर सलीमने सगळ्यांसाठी दह्यातला गिला वडा आणला. तू डॉक्टर, मी, प्राची, कोणाचंही न ऐकता दोन खाल्लेस. रेहानाने तेव्हा मोबाइलवर तुझा फोटो काढला. हातात वड्याचा कागद, ओठाला दही, आणि मागे ऑफिसची पाटी. आज भिंतीवर तोच फोटो लावला आहे. एका आत्याबाईंना ते पटलं नाही, गेलेल्या माणसाचा असा फोटो लावतात का म्हणाल्या. प्राची म्हणाली, "आमची आई अशीच होती."

चाव्या देताना तू रडशील म्हणून मी रुमाल घेऊन तयार होतो. तू अम्मीला ओट्यावर बसवलंस, सीताफळाला पाणी कधी आणि किती ते सांगितलंस, गळणाऱ्या कोपऱ्याची बादलीही ठेवून आलीस. रुमाल मलाच लागला.

अकोल्यात तुला फार दिवस मिळाले नाहीत. पण जे मिळाले ते तू ऐटीत काढलेस. गोरक्षण रोडवरून संध्याकाळी प्राचीच्या हाताला धरून सावकाश फिरायचीस, नळ आला की अख्ख्या मजल्याला हाका मारून उठवायचीस. आणि गावंडेवहिनींचा फोन आला की स्पीकरवर टाकायचीस, म्हणजे मलाही ऐकू यावं. "मंदाताई, तुमची ते अम्मी लय बोलते बापा! रोज संध्याकायी मले बोलावते. मी म्हटलं माझा स्वयंपाक राहिला, तर म्हणते, बैठो बैठो, तुम्हारे साहब को भी भूख लगने दो." तू माझ्याकडे बघून भुवया उडवायचीस. त्यावेळी मी म्हणायला हवं होतं, मंदा, तुझं बरोबर होतं, घराचं आणि अकोल्याचंही. मी म्हणालो, "हळू बोल, शेजाऱ्यांना ऐकू जाईल."

बरोबर होतं तुझं. सगळं.

तू सकाळी गेलीस, चहा अर्धा पिऊन, प्राचीने तुझी वेणी घालायला घेतली होती तेव्हा. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. अजूनही मी खोलीत शिरलो की दिव्याच्या बटणासाठी डाव्या भिंतीवर हात फिरवतो, कॅम्पातल्यासारखा, आणि इथे बटण उजवीकडे आहे. बाकी मी जेवतो, गोळ्या घेतो, नळ आला की मजल्याला मीच हाका मारतो.

अमरावतीची मंडळी गेल्या आठवड्यात भेटायला आली. मी गॅलरीत उभा होतो. खाली सलीमची मोठी गाडी येऊन थांबली, तोच चालवत होता. मागून रेहाना उतरली, गावंडेवहिनी उतरल्या, आणखी दोघी-तिघी कॉलनीतल्या. अम्मीही आली होती, तिला दोघींनी दोन्हीकडून धरलं होतं. सगळ्यात शेवटी सलीम फिरून पुढच्या दाराशी गेला, दार उघडलं आणि हात पुढे केला. त्याचा हात धरून गावंडे साहेब उतरले. लिफ्टपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

वर येऊन ते तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. बायका आत प्राचीजवळ गेल्या. आम्ही दोघेच राहिलो तेव्हा ते माझ्याशेजारी बसले.

"सर, दोन महिन्याआधी मले राती पायरी चुकली, पडलो. पोरगं पुण्याले. सलीमनं उचलून दवाखान्यात नेलं, तीन दिवस तठीच होता." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "मी वहिनीले फोन करीन, करीन म्हणत होतो. जीभ नाई उचलली. आन आता हे असं झालं."

मी म्हणालो, "साहेब, काय सांगायचं होतं ते मला सांगा. मी कळवतो तिला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "त्याइले सांगा, जाता जाता शेजार मोठा चांगला देऊन गेल्या."

तर मंदा, निरोप पोचवला. त्यांच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता.